चित्रतुरग आणि चाहता : संगणकनिर्मित पात्रांच्या आस्वादाचा इतिहास

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांवर आधारलेल्या चित्रपटांचा चाहता समीक्षेच्या दरबारात कधी फारसा प्रतिष्ठित मानला गेला नाही. समीक्षक मूल्यमापन करतो, सहृदय आस्वाद घेतो आणि चाहता केवळ लोभ किंवा राग धरतो, अशी एक अलिखित उतरंड साहित्यविचारात रूढ आहे. हेन्री जेन्किन्स यांनी ‘टेक्स्चुअल पोचर्स’ (१९९२) या ग्रंथात चाहत्यांच्या समूहाकडे अर्थनिर्मिती करणारा वर्ग म्हणून पाहिले. तथापि चाहते कथेचे पुढे काय करतात, यावर त्या अभ्यासाचा मुख्य भर होता. पडद्यावरची एखादी आकृती ते ‘पात्र’ म्हणून केव्हा स्वीकारतात आणि केव्हा नाकारतात, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. संगणकाच्या साहाय्याने घडविलेल्या पात्रांविषयी गेल्या तीन-चार दशकांत चाहत्यांनी जे निवाडे दिले, त्यांच्या इतिहासात अनुकरण, प्रतीती आणि अभिनय या जुन्या संकल्पनांची नव्याने परीक्षा झालेली आढळते. एका माणसाच्या बाबतीत तर या निवाड्याची किंमत फार मोठी ठरली.

या इतिहासाचा उलगडा करण्यास संस्कृत साहित्यशास्त्रातील एक विवेचन उपयोगी पडते. भरताच्या रससूत्राचा अर्थ लावताना श्रीशंकुकाने चित्रतुरगन्याय मांडला. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त खंडनासाठी त्याचे मत नोंदविले, म्हणून ते आज परिचित आहे. चित्रातला घोडा पाहताना होणारे ज्ञान सम्यक् नसते, मिथ्या नसते, संशयात्मक नसते आणि निव्वळ सादृश्याचेही नसते. तरीही पाहणारा त्याला घोडाच म्हणतो. नटाला राम म्हणून ग्रहण करणारी प्रतीतीही या चारही प्रकारांहून अशीच विलक्षण असते, असा शंकुकाचा अभिप्राय. संगणकनिर्मित पात्रांविषयीचा चाहत्यांचा असंतोष बारकाईने तपासला, तर तो याच चार प्रकारांत विभागता येतो. असे पात्र फसते तेव्हा त्याची प्रतीती या चारांपैकी एकीत अडकून पडलेली असते.

हा चाहता संगणकाच्या आधीपासून घडत आलेला आहे. ‘किंग काँग’ (१९३३) मधील विलिस ओब्रायन यांचा महावानर किंवा ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’ (१९६३) मधील रे हॅरीहाउसेन यांचे सात सांगाडे ही छोट्या प्रतिकृती चौकटीगणिक किंचित हलवून, एकेक छायाचित्र घेत साधलेली किमया होती. ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ (१९५८), ‘स्टारलॉग’ (१९७६) आणि ‘सिनेफेक्स’ (१९८०) या अमेरिकन नियतकालिकांनी अशा किमयेमागची कारागिरी वाचकांना उलगडून दाखविली. परिणामी या रसिकाची दृष्टी दुहेरी बनली. तो भारला जातो आणि त्याच वेळी आपण कशाने भारले जात आहोत, हेही त्याला ठाऊक असते. हॅरीहाउसेन यांच्या सांगाड्यांच्या चालीतला किंचित अडखळलेपणा त्याला दोष वाटला नाही. त्यात त्याला कारागिराच्या हाताची खूण दिसली. चित्रतुरगाची प्रतीती म्हणतात ती हीच.

संगणकाने घडविलेले पहिले पूर्ण पात्र म्हणून सामान्यतः ‘यंग शेरलॉक होम्स’ (१९८५) मधील रंगीत काचेच्या खिडकीतून उतरणाऱ्या योद्ध्याचा उल्लेख केला जातो. त्यानंतर ‘द अ‍ॅबिस’ (१९८९) मधील पाण्याचा सजीव स्तंभ आला आणि ‘टर्मिनेटर २’ (१९९१) मधील वितळत्या धातूचा मारेकरी आला. काच, पाणी आणि धातू ही तिन्ही द्रव्ये माणसाशी तुलना मागणारी नव्हती. माध्यमाची चकाकी हाच पात्राचा स्वभाव असल्यामुळे प्रतीतीत बाधा येण्याचे कारण उरले नाही.

‘जुरासिक पार्क’ (१९९३) पासून निकष बदलला. या चित्रपटातील प्राण्यांच्या हालचालींसाठी प्रतिकृतिचालनातील जाणकार फिल टिपेट यांना नेमले होते. संगणकीय चाचण्या यशस्वी झाल्यावर त्यांची मूळ पद्धत बाजूला पडली आणि ते संगणकावर काम करणाऱ्यांचे मार्गदर्शक बनले. एक हस्तकला दुसऱ्या कलेत विसर्जित झाल्याचा हा क्षण होता. चाहत्यांच्या कौतुकाचा सूर मात्र एकच होता : हे प्राणी खरे वाटतात. म्हणजे प्रतीती सम्यक् ज्ञानाकडे सरकली आणि हुबेहूबपणा हेच मूल्य ठरले. या कौतुकात दोन गोष्टी निसटल्या. पडद्यावर दिसणाऱ्या प्राण्यांचा मोठा भाग स्टॅन विन्स्टन यांच्या यांत्रिक प्रतिकृतींचा होता, ही पहिली. दुसरी तात्त्विक स्वरूपाची आहे. ज्या रामाला कोणी पाहिलेले नाही, त्याचे अनुकरण झाले हे ठरविणार कसे, असा आक्षेप अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांच्या परंपरेतून शंकुकावर घेतला गेला. जिवंत डायनोसॉर तरी कोणी पाहिला होता? ‘खरे वाटतात’ या मतामागे मूळ वस्तूशी केलेली तुलना नव्हती. वजन, श्वास, पावसात भिजलेली कातडी आणि पात्रांच्या चेहऱ्यांवरची भीती यांची सुसंगती होती. चाहत्याने ती अनुभवली अचूक, तिला नाव मात्र चुकीचे दिले.

या चुकीच्या नावाची किंमत १९९९ मध्ये मोजावी लागली. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील ‘द फँटम मेनेस’ या चित्रपटात जार जार बिंक्स हे संगणकनिर्मित पात्र मानवी नटांच्या बरोबरीने, चित्रपटाच्या बऱ्याच भागात वावरते. त्याविरुद्ध उठलेल्या वादळात दोन वेगळे आक्षेप मिसळले होते. त्याची बोली आणि लकबी कृष्णवर्णीयांच्या विटंबनेच्या जुन्या साच्यांची आठवण करून देतात, हा काही समीक्षकांचा आक्षेप प्रतिनिधित्वाविषयीचा होता. निर्मात्यांनी तो अमान्य केला, तरी तो विचारार्ह होता. बहुसंख्य चाहत्यांचा राग मात्र वेगळा होता : ही आकृती खोटी आहे आणि आपल्या कथाविश्वात ती घुसडली आहे. प्रतीती मिथ्या ठरली. तिची काटछाट करून चाहत्याने स्वतः संपादित केलेली चित्रपटाची आवृत्तीही पुढे हातोहात फिरली.

त्या आकृतीच्या आत अहमद बेस्ट नावाचा तरुण कृष्णवर्णीय नट होता. चित्रणस्थळी प्रत्यक्ष वावरून त्याने भूमिका केली होती. हालचाली त्याच्या आणि आवाजही त्याचाच होता. या पात्राला अपेक्षित असलेली धांदरट, सांधे निखळल्यासारखी चाल साधणे हे शरीरावर विलक्षण ताबा असलेल्या नटाचेच काम होते. वर्षातील वाईट कामगिरीसाठी दिला जाणारा ‘रॅझी’ हा उपहासात्मक पुरस्कार २००० मध्ये त्याच्या नावावर जमा झाला. त्या काळात आत्महत्येचा विचार आपल्या मनात आला होता, असे त्याने २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले. चाहत्यांना हे अभिप्रेत नव्हते, असे म्हणता येईल. परंतु त्यांच्या सौंदर्यविचारातील एक गृहीतक याला कारण झाले. आकृती संगणकाची आहे, सबब तिच्यामागे दुखावला जाईल असा कोणी नाही, हे ते गृहीतक. सिद्धान्तातली चूक अशी एका माणसाच्या जिवावर बेतू शकते.

२००१ मध्ये ‘फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन’ आला. त्यातील आकी रॉस या नायिकेचा केसन् केस मोजून घडविल्याचा गाजावाजा झाला होता. प्रेक्षकांना तिच्यात माणसासारखे सारे काही दिसले, माणूस तेवढा दिसला नाही. ही सादृश्यप्रतीती. कृत्रिम आकृती मानवी रूपाच्या अगदी निकट आली की आपुलकीऐवजी अस्वस्थता निर्माण होते, असे जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडले होते. चाहत्यांच्या चर्चेत ही संकल्पना पुढे इतकी रुळली की ‘डोळे मेलेले वाटतात’ हा जवळजवळ पारिभाषिक निवाडा बनला.

पुढच्याच वर्षी ‘द टू टॉवर्स’ (२००२) मधील गॉलमने या कोंडीतून वाट काढली. गॉलम माणसासारखा दिसावा, अशी अपेक्षाच नव्हती. तो माणसासारखा दुभंगलेला असावा, एवढीच होती. स्वतःशीच भांडणाऱ्या गॉलमच्या प्रसंगात तंत्राचा विचार मागे पडतो आणि करुणा पुढे येते. अँडी सर्किस यांनी सहनटांसमोर प्रत्यक्ष अभिनय केला, पुढे त्यांच्या हालचालींची संगणकीय नोंद घेण्यात आली आणि मुद्राभिनय अ‍ॅनिमेटरांनी त्यांच्या चित्रणावरून बेतत हाताने घडविला. चित्रतुरग येथे पुन्हा साधला. आता चाहत्यांचा प्रश्नही बदलला. ‘हे खरे वाटते का?’ याची जागा ‘हा अभिनय कोणाचा?’ या प्रश्नाने घेतली. सर्किस यांना ऑस्करसाठी नामांकन मिळावे, असे प्रयत्न झाले. ते मिळाले नाही. २००३ मध्ये ‘एमटीव्ही’च्या चित्रपट पुरस्कारांत गॉलमला सन्मान लाभला, तोही ‘आभासी’ अभिनयाच्या स्वतंत्र वर्गात. बेस्ट यांच्या वाट्याला आलेला उपहास याच्याशेजारी ठेवला, तर एक विसंगती उघड होते. अपयशाचा धनी नट ठरतो; यश मिळाले की तो आभासी होतो.

‘रोग वन’ (२०१६) ने उरलेल्या चौथ्या प्रकाराचे उदाहरण पुरविले. १९९४ मध्ये निधन पावलेल्या पीटर कुशिंग यांचा चेहरा गाय हेन्री या नटाच्या अभिनयावर चढवून टार्किन हे पात्र पुन्हा उभे केले गेले. कुशिंग यांच्या वारसांची संमती घेतलेली होती. तरीही चाहत्यांची मने दुभंगली : हा तोच आहे की नाही? भट्टतौतांचा आक्षेप येथे उलटा होऊन येतो. रामाला कोणी पाहिले नव्हते, म्हणून नट मोकळा होता. कुशिंग यांना सर्वांनी पाहिले होते, त्यामुळे अनुकरण पदोपदी तुलनेत सापडले. या संशयातून एक नैतिक प्रश्न उभा राहिला. मृत नटाने न केलेला अभिनय त्याच्या नावावर मांडता येतो काय? २०२३ मध्ये हॉलिवूडच्या नटांनी ११८ दिवसांचा संप केला, तेव्हा नटाच्या संगणकीय प्रतिरूपावरील हक्क हा वाटाघाटींतील एक प्रमुख मुद्दा होता. चाहत्यांच्या वादात जो प्रश्न आधीच विचारला गेला होता, तो आता कराराच्या भाषेत मांडला गेला.

चाहत्यांच्या मताचे सामर्थ्य २०१९ मध्ये निराळ्या रीतीने प्रकटले. ‘सॉनिक द हेजहॉग’च्या पहिल्या झलकेतील नायकाचे मानवी वाटणारे दात आणि डोळे पाहून इतका गदारोळ झाला की पात्राचे रूप बदलण्यात आले आणि प्रदर्शन नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर गेले. कृती पूर्ण होण्यापूर्वीच समीक्षा तिच्यात शिरली. हा रसिकाचा विजय खराच. परंतु बदललेली प्रत्येक चौकट कोणीतरी पुन्हा घडविली असणार, हे या विजयात क्वचितच आठवले गेले.

या कारागिरांचा विचार करताना हा इतिहास मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो. ‘लाइफ ऑफ पाय’ (२०१२) मधील वाघ ज्या अमेरिकन संस्थेने घडविला, त्या ‘ऱ्हिदम अँड ह्यूज’चा एक स्टुडिओ मुंबईत होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्या वाघासाठी तिला ऑस्कर मिळाले. चित्रातल्या घोड्याविषयी शंकुकाने प्रेक्षकाच्या बाजूने सूक्ष्म विचार केला, नटाचाही केला. चित्रकाराचा विचार त्या न्यायात नाही. चाहत्यांच्या मतांच्या इतिहासातही हीच जागा अजून मोकळी आहे. आकृतीवरून नटापर्यंत येण्यास त्यांच्या दृष्टीला जवळजवळ एक दशक लागले आणि मधल्या काळाची किंमत अहमद बेस्ट यांनी मोजली. २०२३ मध्ये ‘द मँडलोरियन’ या मालिकेत ते स्वतःच्या चेहऱ्याने पडद्यावर परतले, तेव्हा चाहत्यांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. एका जुन्या निवाड्याची ती दुरुस्ती होती. नटापासून कारागिरापर्यंतचे उरलेले अंतर चालून जाणे, हे या रसिकतेचे आणि तिचा अभ्यास करणाऱ्या समीक्षेचेही पुढचे काम आहे.