परदेशी पेशा पत्करणारा गोलंदाज : सुभाष गुप्ते

खेळावर उपजीविका करणे ही गोष्ट आपल्या मध्यमवर्गीय मराठी समाजास फार काळ रुचली नव्हती. महाविद्यालयाचे मैदान गाजविलेल्या तरुणानेही पुढे बँकेत, रेल्वेत किंवा आमच्याप्रमाणे सरकारी कचेरीत स्थिरावे, अशीच घरच्यांची अपेक्षा असे. ‘धंदेवाईक खेळाडू’ हा शब्द तर काहीशा अवहेलनेनेच उच्चारला जाई. अशा काळात परदेशी जाऊन खेळाचा पेशा पत्करणारे सुभाष गुप्ते यांचे चरित्र म्हणूनच मननीय आहे.

11 डिसेंबर 1929 रोजी मुंबईत जन्मलेले गुप्ते 1951 अखेर कलकत्त्यास इंग्लंडविरुद्ध प्रथम कसोटी खेळले. 1953 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात वॉरेल, वीक्स व वॉलकॉट यांच्यासारख्या फलंदाजांपुढे त्यांनी पाच कसोट्यांत 27 बळी मिळविले. लेगब्रेकच्या जोडीला त्यांच्यापाशी दोन निरनिराळ्या गुगली होत्या.

तथापि, त्या काळी कसोटीवीराच्या हाती पडे तो तुटपुंजा भत्ता. याउलट इंग्लंडमधील लँकेशायर लीगची रीत निराळी होती. 1892 पासून चालत आलेल्या या स्पर्धेत गिरण्यांच्या छोट्या गावांचे संघ एकेक पगारी खेळाडू नेमीत. सामने आठवड्याच्या शेवटी होत. खेळ रंगला की प्रेक्षकांत झोळी फिरे व ती रक्कम त्या खेळाडूस मिळे. ब्लॅकबर्नजवळील रिश्टनने 1950 च्या दशकाच्या मध्यावर गुप्ते यांस असे मानाने नेमले.

1958 च्या डिसेंबरात कानपूरला त्यांनी वेस्ट इंडीजचे 9 गडी 102 धावांत बाद केले. मात्र 1961 च्या दिल्ली कसोटीच्या वेळी खोलीतील सहकाऱ्याने हॉटेलच्या स्वागतिकेस केलेल्या दूरध्वनीचे प्रकरण उद्भवले. सहकाऱ्यास आवरले नाही, एवढ्या ठपक्यावरून गुप्ते यांनाही वगळण्यात आले. 36 कसोट्या व 149 बळी एवढ्यावर, ऐन बत्तिशीत, त्यांची कारकीर्द थांबली.

पुढे ते पत्नीच्या देशी, त्रिनिदादला, स्थायिक झाले. 1845 पासून ऊसमळ्यांवर गेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांची तेथे मोठी वस्ती आहे. त्या मुलखाने त्यांस आपले मानले. वेस्ट इंडीजचेच गॅरी सोबर्स तर त्यांना शेन वॉर्नहूनही श्रेष्ठ समजत. मायदेशाने सी. के. नायडू पुरस्कार दिला तो 2000 साली. 31 मे 2002 रोजी त्रिनिदादमध्ये त्यांचे निधन झाले.

राइट टाउनातील आम्हां मराठी कुटुंबांचे वाडवडीलही पोटापाण्यासाठीच नर्मदेकाठी आले. परमुलखात मान मिळविण्यास काय लागते व मागे काय सुटते, हे आम्हांस सांगावयास नको. म्हणूनच येथील मैदानांवर घाम गाळणाऱ्या आमच्या मुलामुलींपैकी कोणी उद्या खेळाच्या पेशासाठी दूरदेशी निघाले, तर आम्ही त्यास अडवू नये. आणि गेल्यावर विसरूही नये.