वायरमनला लायसन लागते, आरओवाल्याला काहून नाही?

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितो. पाण्याचा विषय आहे, वाचून घ्या.

घरात विजेचं फिटिंग करायचं तर लायसनवाला ठेकेदार लागतो. भारतीय वीज नियम, 1956 मधल्या 45 व्या नियमानं तसं बांधूनच दिलं होतं. बोअर मारणाऱ्या गाडीच्या मालकानं नोंदणी करावी, असं राज्याचा भूजल कायदा सांगतो. तो 1 जून 2014 पासून लागू आहे. पण अख्ख्या गावाला पाजायचं पाणी गोड करणारं मशीन जो बसवतो, त्याची परीक्षा घेणारं, चुकला तर लायसन काढून घेणारं मंडळ आपल्या राज्यात नाही. आणि हे भातकुलीसारख्या तालुक्यात, जिथं जमिनीखालचं पाणीच खारं!

असं का झालं, त्यामागं इतिहास आहे. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात पूर्वी पाणी शुद्ध करायच्या भानगडीत कोणी पडत नसे. गोड पाण्याची जागा शोधायची, बस्स. नदीच्या रेतीत झिरा खोदायचा, नाहीतर तळ्यावर जायचं. कारण विरघळलेलं मीठ कापडानं गाळून निघत नाही, उकळूनही निघत नाही. तुरटीनं गाळ बसतो, ब्लीचिंगनं जंतू मरतात, खारेपण तसंच राहते.

सरकारनंही पुढं तेच केलं, फक्त मोठ्या पाइपानं. 1976 चा कायदा झाला, 1979 मध्ये पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ उभं राहिलं आणि 1997 मध्ये त्याचं नाव जीवन प्राधिकरण झालं. शहानूर धरणाचं गोड पाणी दर्यापूर-अंजनगावकडच्या खेड्यांत गेलं ते असंच. या सगळ्या काळात शुद्धीकरण केंद्राचा हिशोब सरकारी इंजिनिअर करायचा, ठेकेदार त्याच्या नजरेखाली काम करायचा. म्हणून ठेकेदाराच्या नोंदणीत मुख्य प्रश्न एकच राहिला: हा किती रकमेचं काम झेपवू शकतो? पुढं 33-33-34 ची वाटणी आली, म्हणजे मजूर संस्था, बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार. काम कोणाला मिळावं याचा तो नियम. पाणी कोणाला कळते, याचा नाही.

मग आरओ आला. आता मीठ खरंच निघू लागलं, तेही गावातच, एका खोलीत. कायद्याचं लक्ष मात्र बाटलीवर. 29 मार्च 2001 पासून सीलबंद पाण्याला आयएसआय सक्तीचं झालं. (2024 मध्ये ती सक्ती निघाली, पण अन्न सुरक्षेचा परवाना आजही लागतोच.) लग्नात येणारा थंडा जार सीलबंद नसतो, म्हणून तो या चौकटीच्या बाहेरच फिरत राहिला. अन् ग्रामपंचायतीचं मशीन तर खरेदीची वस्तू! कोटेशन, बिल, फीत कापली, फोटो छापून आला. असे फोटो मीही छापले आहेत.

एका गावात मी त्या मशीनचे कागद पाहायला मागितले. बिल निघालं. कच्च्या पाण्याचा तपासणी अहवाल नव्हता. म्हणजे पाण्यात क्षार किती, कडकपणा किती, हे न पाहताच मशीन निवडलं होतं. कडक पाण्यात मेम्ब्रेनवर थर बसतो, तो बसू नये म्हणून औषध सोडावं लागते. ते कोणी सोडलं नाही. मशीन बंद, आणि बसवणाऱ्याचा फोनही बंद. बाया परत जारच्या गाडीची वाट पाहतात.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट, पण तिच्यावर कोणी बोलत नाही. समजा 2000 टीडीएसचं पाणी घेतलं आणि अर्धं गोड करून अर्धं सोडून दिलं. तर सोडलेल्या पाण्याचा टीडीएस 4000 च्या जवळ जातो, मीठ कुठं उडून जात नाही. ते पाणी मशीनच्या मागच्या नालीत, आणि नाली बहुतेक ठिकाणी त्याच बोअरजवळून. पिण्याच्या पाण्यात 500 टीडीएसपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावं, असं आयएस 10500 हे मानक म्हणते.

लायसन मुंबईत ठरेल तेव्हा ठरेल. तोवर तुमच्या ग्रामसभेत आरओचा ठराव आला तर सरपंचांना, ग्रामसेवकांना विचारा: कच्च्या पाण्याचा अहवाल कुठं आहे, सोडलेलं पाणी कुठं जाणार, आणि मेम्ब्रेन बदलायची जबाबदारी किती वर्षं कोणाची. उत्तरं तोंडी घेऊ नका, ठरावात लिहून घ्या. अन् बिल त्यानंतरच.