दुय्यम श्रेणीतून आलेला संघ

रामटेकचा गड उतरून नागपूरची वाट धरली की कामठीची जुनी छावणी लागते. फुटबॉलचा नाद या मुलखात तिथेच मुरला, परंतु पगारी संघाचा उदयास्त पाहावयाचा तर पुण्याकडेच वळावे लागते. 2007 मध्ये अशोक पिरामल समूहाने स्थापिलेला पुणे एफसी हा संघ दुय्यम श्रेणीतून 2009 मध्ये आय-लीगमध्ये चढला, डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली पहिल्याच हंगामात तिसरा आला, आणि 2012-13 मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ उपविजेता ठरला. बालेवाडीचे विस्तीर्ण प्रेक्षागार मात्र क्वचितच भरे. पुढे 2014 मध्ये इंडियन सुपर लीग या पैसे मोजून जागा मिळणाऱ्या स्पर्धेचा झगमगाट सुरू झाला. पराक्रमाने मिळविलेली जागा पैशाने घेतलेल्या जागेपुढे निस्तेज ठरावी, हा न्याय मला तरी अजब वाटतो. वर्षभरातच मालकांनी हात आखडता घेतला, संस्थान खालसा व्हावे तसा संघ विसर्जित झाला, आणि त्याची अकादमी 2016 मध्ये त्याच सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी या संघाच्या दप्तरी दाखल झाली.