घरातला कुत्रा किंवा मांजर गेल्यावर पुरायचं की दहन करायचं?

हा प्रश्न समोर येतो तेव्हा घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. मग ‘आपल्यात जाळतात’ किंवा ‘आपल्यात पुरतात’ असं माणसांच्या रिवाजावरून उत्तर दिलं जातं. खरं तर दोनच गोष्टी बघायला हव्यात: पुरायला स्वतःची जमीन आहे का, आणि प्राणी कशाने गेला.

गावाकडे परसात किंवा शेतात पुरणं सगळ्यात सोपं. जागा थोडी उंचवट्याची, पावसाळ्यात पाणी न साचणारी आणि विहीर, बोअर, ओढा यांच्यापासून लांब हवी. खड्डा एवढा खोल हवा की प्राण्याच्या अंगावर निदान तीन फूट माती येईल. उथळ खड्डा भटकी कुत्री रात्रीत उकरतात, आणि सकाळी ते दृश्य पाहणं मृत्यूपेक्षा वाईट असतं. खाली मुरूम किंवा जांभा लागून खोल जाता येत नसेल, तर पुरण्याचा हट्ट सोडलेला बरा. गुंडाळायला जुनी सुती चादर पुरे. प्लास्टिकची पिशवी नको, तिच्यात शरीर वर्षानुवर्षं मातीत मिसळत नाही.

आणि मीठ? आपल्याकडे खड्ड्यात खडेमीठ ओतण्याची पद्धत आहे. त्याने शरीर लवकर विरघळतं, असं समजतात. लोणच्यात मीठ कशासाठी घालतो ते आठवा. मीठ कुजणं थांबवतं, वर त्या जागी झाड लावायचं असेल तर तेही जगू देत नाही.

शहरात अडचण वेगळी. सोसायटीची बाग सगळ्यांची असते, तिथे परवानगीशिवाय खणता येत नाही. नव्या इमारतींत तर ती बाग पार्किंगच्या स्लॅबवर अंथरलेली दोनेक फूट माती असते. जुनी इमारत रीडेव्हलपमेंटला गेली की पहिल्या दिवशी जेसीबी तिथेच फिरतो. टेकडीवर किंवा नदीकाठी गुपचूप पुरण्याचा विचारही काही जण करतात. ती जागा आपली नाही, एवढं कारण पुरेसं आहे.

आता मृत्यूचं कारण. असाध्य आजारात डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन शांत केलं असेल, तर कोणतं औषध वापरलं ते विचारा. पेंटोबार्बिटलसारखं औषध मेलेल्या शरीरात दीर्घकाळ टिकतं. ते शरीर उकरून खाणारा दुसरा प्राणी किंवा गिधाड विषबाधेने मरू शकतं. अशा वेळी दहनच योग्य. रेबीजचा संशय असेल तर प्राण्याला उघड्या हातांनी अजिबात हात लावू नका, लाळेला तर नाहीच. आधी पशुवैद्यकांना कळवा आणि विल्हेवाट त्यांच्या सांगण्याप्रमाणे करा. घरात कुणाला चावा, ओरखडा किंवा लाळेचा संपर्क झाला असेल तर लगेच लसीसाठी दवाखाना गाठा.

दहनाची सोय मोठ्या शहरांत हळूहळू वाढते आहे. मुंबई महापालिकेने मालाडला २०२३ मध्ये लहान प्राण्यांसाठी पाइप गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली. कुठेही जाण्याआधी फोन करून वेळ, शुल्क आणि लागणारी कागदपत्रं विचारा. राख हवी असेल तर दहन एकट्याचं होणार की इतर प्राण्यांसोबत, हे आधीच स्पष्ट करून घ्या. एकत्र दहनात मिळणारी राख तुमच्याच प्राण्याची असेलच असं नाही. राख खूप नसते. वीस किलोच्या कुत्र्याची एक किलोच्या आतच भरते. ती क्षारयुक्त असते, म्हणून सगळी एकाच कुंडीत ओतू नका. भरपूर मातीत मिसळा.

यात वेळ फार कमी मिळतो. काही तासांत शरीर ताठरतं, म्हणून पाय आधीच हलकेच दुमडून घ्या. खाली वर्तमानपत्रांचा जाड थर घाला, कारण तोंडातून आणि मागून द्रव येतो. पोटाशी बर्फाच्या पिशव्या ठेवा. उन्हाळ्यात त्याच दिवशी उरकणं उत्तम. म्हाताऱ्या किंवा फार आजारी प्राण्याच्या घरात दाहिनीचा नंबर आधीच फोनमध्ये घालून ठेवण्यात अशुभ काही नाही.

कुत्र्याचा महापालिकेचा परवाना काढलेला असेल, तर तो रद्द करायचा अर्ज तेवढा नंतर सवडीने द्या.