टेबल मायक्रोफोन (हौशी रेडिओ)

हौशी रेडिओ केंद्रात टेबलावर ठेवून वापरल्या जाणाऱ्या मायक्रोफोनला टेबल मायक्रोफोन किंवा डेस्क माइक असे म्हणतात. प्रेषग्राही संचाबरोबर मिळणाऱ्या हातातील माइकपेक्षा तो मोठा असतो. त्याला जड बैठक, उभा दांडा आणि प्रेषण सुरू करण्याचे बटण असते. बराच वेळ संभाषण करणाऱ्या, नोंदवही लिहिणाऱ्या किंवा आपत्तीच्या वेळी संदेश उतरवून घेणाऱ्या चालकाला त्यामुळे माइक सतत हातात धरावा लागत नाही.

ध्वनिमुद्रणगृहातील मायक्रोफोन आवाज जसाच्या तसा टिपण्यासाठी निवडतात. हौशी रेडिओ केंद्रातील मायक्रोफोनची कसोटी वेगळी आहे: दूरच्या, क्षीण संकेत ऐकणाऱ्या चालकाला शब्द पहिल्याच वेळी कळला पाहिजे. चालकाचा आवाज, प्रेषग्राही संच आणि खोली या तिन्हींशी जुळणारा साधा माइक न जुळणाऱ्या महागड्या माइकपेक्षा अधिक उपयुक्त ठरतो.

इतिहास

अमेरिकेतील अ‍ॅस्टॅटिक कंपनीने १९३३ मध्ये बाजारात आणलेला डी-१०४ हा स्फटिक मायक्रोफोन अनेक दशके हौशी केंद्रांची ओळख बनून राहिला. १९६० च्या दशकात एकल पार्श्वपट्ट अर्थात एसएसबी पद्धतीचा प्रसार झाल्यावर शुअर कंपनीचा ४४४ हा टेबल मायक्रोफोन लोकप्रिय झाला. त्याचा ध्वनिपट्टा मुद्दाम सुमारे ३०० ते ३,००० हर्ट्झ एवढाच ठेवलेला होता. पुढे बॉब हाईल (निधन २०२४) या अमेरिकन हौशी चालकाने संभाषणाच्या स्पष्टतेवर भर देणारे मायक्रोफोन तयार केले. आयकॉम, केनवुड व याएसू या जपानी कंपन्या आपापल्या संचांना जुळणारे टेबल माइक बनवत आल्या आहेत.

महाराष्ट्रात मायक्रोफोनचा परिचय जाहीर सभांमधूनही झाला. स्वातंत्र्यपूर्व काळातील काँग्रेसच्या सभांना मुंबईच्या मोटवाने कुटुंबाची ‘शिकागो रेडिओ’ ही संस्था ध्वनिवर्धक यंत्रणा पुरवीत असे. सभेसाठी किंवा मंडपासाठी बनवलेले माइक पुढे देशभर सहज मिळू लागले. हौशी चालकही ते वापरतात, मात्र त्यासाठी पुढे दिलेली विद्युत जुळणी पाहावी लागते.

प्रकार

डायनॅमिक: पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलते आणि संकेत निर्माण होतो. या प्रकाराला बाहेरून विद्युतपुरवठा लागत नाही. उष्णता, धूळ व धक्के तो चांगले सहन करतो. त्याचा संकेत क्षीण, काही मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी असतो.

इलेक्ट्रेट कंडेन्सर: यातील लहान कुपीत कायम विद्युतभारित पदार्थ व एक सूक्ष्म विवर्धक असतो. तो स्वस्त व संवेदनशील असतो, पण त्याला काही व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो. संवेदनशीलतेमुळे तो खोलीतील इतर आवाजही सहज टिपतो.

स्फटिक व सिरॅमिक: जुन्या केंद्रांत आढळणारा प्रकार. याचा संरोध फार उच्च असतो. आजच्या कमी संरोधाच्या संचाला तो थेट जोडल्यास आवाज क्षीण होतो व खालचे स्वर नाहीसे होतात, म्हणून मध्ये विवर्धक लागतो. जुन्या माइकमधील रोशेल क्षाराचा स्फटिक दमट हवेत खराब होतो आणि सुमारे ५५ अंश सेल्सिअसला कायमचा निकामी होतो. उन्हात उभ्या वाहनात किंवा पत्र्याच्या खोलीत असा माइक ठेवणे धोक्याचे असते.

निवडीचे निकष

ध्वनिपट्टा

एसएसबी प्रेषक साधारण ३०० ते २,७०० हर्ट्झ एवढ्याच ध्वनिवारंवारता पुढे पाठवतो. या पद्धतीत प्रेषित शक्ती आवाजाच्या चढउताराप्रमाणे बदलते. बोलण्यातील बरीचशी ऊर्जा खालच्या वारंवारतांमध्ये, मुख्यतः स्वरांत असते. शब्द ओळखू येतो तो प्रामुख्याने १,००० हर्ट्झच्या वरील व्यंजनांच्या खुणांमुळे. खर्ज ठळक करणारा माइक जवळून ऐकताना भारदस्त वाटतो, पण प्रेषकाची शक्ती तो कमी उपयोगाच्या भागावर खर्च करतो. म्हणून सुमारे २,००० हर्ट्झच्या आसपास किंचित उठाव असलेला माइक दूरच्या संपर्कासाठी पसंत केला जातो. खर्जातील आवाज असणाऱ्यांना असा माइक विशेष उपयोगी पडतो. मुळातच पातळ किंवा तीक्ष्ण आवाज असणाऱ्यांना मात्र तो कर्कश ठरू शकतो.

मराठी उच्चार

‘स’ या ध्वनीची बहुतेक ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते. ती एसएसबी प्रेषणात गाळली जाते आणि ‘स’ व ‘श’ यांतील भेद पुसट होतो. ख, ठ, फ, भ या महाप्राण वर्णांसोबत सुटणारा श्वासाचा झोत थेट पडद्यावर आदळल्यास ‘फट्’ असा आवाज येऊन पुढचे अक्षर हरवते. माइकवर स्पंजाचे आवरण घातल्याने व तोंडाच्या सरळ रेषेत न धरता थोडा बाजूला ठेवल्याने हा दोष कमी होतो.

संख्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर असतो. गोंगाटात ‘सात’ आणि ‘साठ’ किंवा ‘बावीस’ आणि ‘बावन्न’ सारखे ऐकू येऊ शकतात. जखमींची किंवा औषधांची संख्या कळवताना असा घोटाळा परवडणारा नसतो. त्यामुळे अंक सुटे उच्चारणे (‘सहा, शून्य’) व नावांसाठी आंतरराष्ट्रीय उच्चारवर्णमाला वापरणे आवश्यक ठरते. चांगला माइक या शिस्तीला पूरक असतो. तिची जागा घेऊ शकत नाही.

विद्युत जुळणी

अनेक संचांची माइक-जोडणी सुमारे ६०० ओहम संरोधासाठी असते. आठ टोकांचा गोल प्लग वेगवेगळ्या कंपन्यांच्या संचांवर सारखाच दिसतो, पण त्यातील जोडणी भिन्न असते. आयकॉमच्या गोल प्लगमध्ये आवाज पहिल्या आणि प्रेषणाचे बटण पाचव्या टोकावर असते. केनवुडमध्ये ती अनुक्रमे पहिल्या व दुसऱ्या, तर याएसूमध्ये आठव्या व सहाव्या टोकावर असतात. आयकॉमच्या दुसऱ्या टोकावर ८ व्होल्टचा पुरवठा असतो. त्यामुळे प्लग बसला म्हणून माइक जुळला असे समजणे चुकीचे असून त्यातून संचाची हानी होऊ शकते. माइक घेण्यापूर्वी संचाच्या माहितीपुस्तिकेतील आकृती पाहणे हाच सुरक्षित मार्ग होय.

आयकॉम संचाच्या आवाजाच्या टोकावर इलेक्ट्रेट कुपीसाठी एकदिश विद्युतदाबही दिलेला असतो. तेथे डायनॅमिक माइक लावताना मालेत काही मायक्रोफॅरडचे धारित्र घालतात, म्हणजे तो दाब वेटोळ्यात शिरत नाही.

प्रेषणाचे बटण

टेबल माइकवर सहसा दाबून धरायचे एक आणि अडकवून ठेवायचे एक अशी दोन बटणे असतात. दुसऱ्या बटणामुळे दोन्ही हात मोकळे होतात, पण ते चुकून अडकलेले राहिल्यास प्रेषक चालूच राहून ती वारंवारता इतरांसाठी बंद पडते. अनेक केंद्रे एकाच वारंवारतेवर काम करत असताना ही चूक सर्वांना अडवते. त्यामुळे प्रेषण चालू असल्याचा दिवा स्पष्ट दिसणारा माइक किंवा पायाने दाबायचा स्विच श्रेयस्कर मानला जातो.

छत्रपती संभाजीनगरमधील परिस्थिती

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे दख्खनच्या पठारावरील शहर असून उन्हाळ्यात तेथील तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. या काळात पंखा किंवा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बंद ठेवून केंद्र चालवणे शक्य नसते. त्यामुळे येथे माइक निवडताना त्याच्या संवेदनशीलतेपेक्षा नको असलेला आवाज टाळण्याची क्षमता महत्त्वाची ठरते.

यासाठी एका दिशेने ऐकणारा, म्हणजे कार्डिऑइड प्रकारचा डायनॅमिक माइक घेऊन त्याची पाठ कूलरकडे करतात. त्याहून प्रभावी उपाय म्हणजे अंतर कमी करणे. तोंड व माइक यांतील अंतर निम्मे केल्यास बोलणाऱ्याचा आवाज सुमारे ६ डेसिबेलने वाढतो, तर खोलीतील गोंगाट जवळपास तेवढाच राहतो. २० सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरवर आल्यास हा लाभ सुमारे १२ डेसिबेल होतो. टेबलावर ठेवलेला ठेंगणा माइक तोंडापासून दूर राहतो. म्हणून उंची बदलता येणारा दांडा किंवा टेबलाच्या कडेला बसवायचा घडीचा हात उपयोगी पडतो. दिशात्मक माइक फार जवळ घेतल्यास खर्ज वाढतो. तो संचातील समायोजनाने कमी करावा लागतो.

शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत आवाज घुमतो. माइकच्या समोरच्या भिंतीवर सतरंजी किंवा जाड गोधडी टांगल्याने हा घुमारा कमी होतो. टेबलाचा कंप माइकपर्यंत पोहोचू नये म्हणून बैठकीखाली रबर किंवा नमद्याचा तुकडा ठेवतात.

वीज गेल्यावर केंद्र इन्व्हर्टरवर किंवा थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवले जाते. चौकोनी तरंग देणाऱ्या इन्व्हर्टरची गुणगुण माइकच्या तारेत शिरू शकते. अंतर्गत विवर्धकासाठी वेगळी बॅटरी लागणारा माइक ऐनवेळी बंद पडण्याचा संभव असतो. म्हणून आपत्कालीन वापरासाठी पुरवठा न लागणारा किंवा संचाकडूनच पुरवठा घेणारा माइक योग्य समजला जातो.

मराठवाड्यात अशा तयारीचे महत्त्व किल्लारी भूकंपाने दाखवून दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या या भूकंपात सुमारे दहा हजार लोक मृत्युमुखी पडले. त्या वेळी हौशी रेडिओचालकांनी बाधित भागातून संदेशवहनास मदत केली. २००१ चा भुज येथील भूकंप आणि २००४ च्या त्सुनामीनंतरचे अंदमान येथेही हौशी रेडिओने अशीच सेवा बजावली.

समायोजन व चाचणी

माइक बदलल्यानंतर लाभ पुन्हा ठरवावा लागतो. नेहमीच्या स्वरात बोलताना संचावरील एएलसीचा काटा दिलेल्या मर्यादेतच हलला पाहिजे. तो सतत मर्यादेबाहेर जात असल्यास आवाज विकृत होतो आणि शेजारच्या वारंवारतांवर त्रास होतो. ध्वनिसंपीडक प्रथम बंद ठेवून लाभ ठरवावा आणि नंतर तो बेताने वापरावा, कारण तो बोलण्याच्या विरामांत कूलरचा आवाजही वर उचलतो.

पहिली तपासणी अँटेनाऐवजी कृत्रिम भार जोडून व दुसऱ्या ग्राहीवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून केली जाते. अँटेना जोडल्यावरच आवाज फाटत असल्यास रेडिओ ऊर्जा माइकच्या तारेत शिरत असण्याची शक्यता असते. गच्चीवरील अँटेना खोलीच्या अगदी जवळ असलेल्या घरांत हा दोष आढळतो. कवचयुक्त तार, नीट जोडलेले भूसंपर्कन आणि तारेवरील फेराइटचे कडे हे त्यावरील उपाय आहेत.

प्रत्यक्ष संपर्कात आवाजाची सुबोधता १ ते ५ व संकेताची तीव्रता १ ते ९ या श्रेणीत कळवतात. सौजन्य म्हणून दिलेल्या ‘पाच-नऊ’ या उत्तरावरून माइकची पारख होत नाही. समोरच्या चालकाला अपरिचित नावे व संख्या सांगून त्या परत म्हणून घेणे ही अधिक विश्वसनीय चाचणी आहे.

परवाना

भारतात हौशी केंद्र चालवण्यासाठी दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागतो. या सेवेसाठी १९७८ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. परवानाधारकांना ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे संकेतनाम मिळते. हौशी केंद्रावरून संगीत किंवा व्यापारी मजकूर प्रसारित करता येत नाही. त्यामुळे संगीताला साजेसा विस्तृत ध्वनिपट्टा या मायक्रोफोनमध्ये गरजेचा नसतो.

हे सुद्धा पहा

हौशी रेडिओ
मायक्रोफोन
किल्लारी भूकंप
छत्रपती संभाजीनगर