निळी रेषा, लाल रेषा

गेल्या शनिवारी सिंहगड रस्त्याच्या बाजूला एक फ्लॅट बघून आलो. नदीकडची गॅलरी, भरपूर वारा आणि चक्क बजेटमध्ये! बायको खूश. मी टोकनचा चेक द्यायच्या बेतात. संध्याकाळी आजीला सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, "नदी किती लांब आहे रे?"

आजीने पानशेतचा पूर पाहिलाय. १२ जुलै १९६१. काम अपुरं असलेलं धरण लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून कसंबसं तगवलं होतं, ते सकाळी फुटलं. तो लोंढा १८७९ साली पूर्ण झालेल्या खडकवासल्याला पेलवला नाही, तेही त्याच दिवशी फुटलं. बारा वर्षांची आजी घरच्यांबरोबर पर्वतीकडे पळाली. परत आली तेव्हा शनिवार पेठेतल्या त्यांच्या वाड्याच्या जागी नुसता चिखल होता.

मला वाटायचं, एवढं झाल्यावर लगेच नियम आले असतील. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती झाल्या खऱ्या. पण पूरक्षेत्रात काय बांधावं, याचं नमुना विधेयक केंद्राने राज्यांना पाठवलं ते १९७५ मध्ये. मणिपूरने १९७८ मध्ये कायदा केला. महाराष्ट्रात पाटबंधारे खात्याचं परिपत्रक यायला १९८९ उजाडलं. त्यातून निळी आणि लाल रेषा आली. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. निळीच्या आत बागा, मैदानं, शेती. दोन्हींच्या मधे अटी घालून बांधकाम.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. "२५ वर्षांतून एकदा" म्हणजे दरवर्षी ४ टक्के शक्यता. आपलं गृहकर्ज २० वर्षांचं. तेवढ्या काळात निळ्या रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता येते ५६ टक्के! लाल रेषेसाठी १८ टक्के. बँकेचा माणूस व्याजाचा दर पॉइंट पाचपर्यंत सांगतो, हे कोणी सांगत नाही.

बरं, रेषेबाहेर असलं की निश्चिंत? तसंही नाही. पुण्यात मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकची, लाल १ लाखाची धरतात. पण २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा खडकवासल्यातून सोडलेलं पाणी होतं सुमारे ३५ हजार क्युसेक. धरणाच्या खाली पडलेल्या पावसाचं पाणी त्यात मिसळतं ते वेगळंच. शिवाय पात्रात भराव आणि राडारोडा टाकला की तेवढंच पाणी जास्त उंच चढतं. नकाशावरची रेषा मात्र जागची हलत नाही. आपण कोडमध्ये एखादी व्हॅल्यू हार्डकोड करतो आणि खालचा डेटा बदलत राहतो, तसलाच हा बग. फक्त इथे रीस्टार्ट करता येत नाही.

म्हणजे आजीच्या प्रश्नात थोडी दुरुस्ती हवी. नदी किती लांब, याच्यापेक्षा घर पात्रापासून किती उंच, हे विचारायला हवं. रविवारी एजंटला फोन करून पूररेषेचा नकाशा मागितला. तो हसला, "सर, एवढं कोण बघतं?"

चेक अजून ड्रॉवरमध्येच आहे. बायको दोन दिवस रुसली होती. मग तिनेच आजीला वाड्याबद्दल विचारलं, आणि आजी रात्री उशिरापर्यंत सांगत बसली.

असो. घर शोधणं चालू आहे. उंचावर काही असेल तर जरूर कळवा!