तीन कमानी आणि त्यांची नऊ नावं

नामांतराचा विषय निघाला की आपल्याकडे दोन दिवसांत शाळेतल्या मित्रांचेही ग्रुप फुटतात. म्हणून आज जरा लांबचं उदाहरण देतो.

अमेरिकेत यूटा राज्याच्या आग्नेय भागात व्हाइट कॅन्यन ही दरी आहे. सगळा कोरडा, वाळवंटी मुलूख. पावसाळी ओढ्यांनी वळणावळणाचा वालुकाश्म पोखरून तिथं तीन प्रचंड कमानी केल्यात. वाहत्या पाण्यानं केल्या म्हणून त्यांना 'नैसर्गिक पूल' म्हणतात. ओवाचोमोपर्यंतची पायवाट इतकी सोपी की जाऊन-येऊन पाऊण किलोमीटरही भरत नाही. माझ्या गुडघ्यांनीसुद्धा कुरकुर केली नाही. वरचा दगड मात्र मधोमध जेमतेम ९ फूट जाड उरलाय. खालून बघताना छातीत धस्स होतं. काचिना त्या मानानं तरणी आणि दणकट, तरी १९९२ साली तिचाही सुमारे ४,००० टन दगड कोसळला. पाण्याचं काम अजून चालूच आहे.

आता नावांचं. १८८३ मध्ये सोनं शोधत आलेल्या कॅस हाइटनं ही तीन धुडं पाहिली आणि नावं ठेवली प्रेसिडेंट, सिनेटर, काँग्रेसमन. (सोनं शोधणाऱ्याला दगडातही सत्ताच दिसायची!) वीसेक वर्षांनी दुसरे आले. त्यांनी एका कमानीला एकाच्या बायकोचं नाव दिलं, ऑगस्टा, दुसरीला एका गुरंवाल्याच्या आईचं, कॅरोलिन, तिसरीला एडविन.

पण जिला कॅरोलिन म्हटलं तिच्याच अंगावर कोरीव चित्रं होती. सातशे वर्षांहून आधी इथं राहून गेलेल्या प्युब्लो लोकांची. होपी हे त्यांचे वंशज. पुढे सरकारी मोजणीदार विल्यम डग्लसनं होपी नावं सुचवली, तीच आज चालतात. चित्रांतली चिन्हं होपींच्या काचिना बाहुल्यांवरच्या चिन्हांसारखी, म्हणून काचिना. पूर्वज ज्या द्वारातून या जगात आले ते सिपापू. ओवाचोमो म्हणजे दगडाचा उंचवटा. नावं होपी खरी, पण देणारा सरकारी माणूसच, हेही विसरू नये.

१९०८ साली थिओडोर रूझवेल्टनं ही जागा राष्ट्रीय स्मारक केली, १९०६ च्या पुरावशेष कायद्याखाली. आपल्याकडे कर्झनच्या काळातला प्राचीन स्मारक कायदा १९०४ चा, म्हणजे दोन वर्षं आधीचा. तिथला कायदा राष्ट्राध्यक्षाच्या एका सहीवर चालतो, आणि तीच त्याची ताकद, तीच दुखरी नस. याच दरीभोवतालचा बेअर्स इअर्स परिसर होपी, नवाहो, झुनी आणि दोन यूट जमातींनी मिळून मागितला. ओबामांनी २०१६ मध्ये संरक्षित केला, ट्रम्पनी २०१७ मध्ये जवळपास ८५ टक्के कापला, बायडननी २०२१ मध्ये परत जोडला.

आपल्या कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यात बारसूही आहे. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं. बाया-माणसं उन्हात रस्त्यावर बसली.

रत्नागिरी-राजापूरकडच्या मंडळींना एक विचारायचंय. तुमच्या सड्यावरच्या चित्रांना गावातली म्हातारी माणसं काय म्हणतात? नावं माहीत असतील तर गावासकट खाली लिहा.